मेबलबाई विलेब्रांट : एका सरकारी वकील बाईंची हकीगत

आपल्याकडे पूर्वी वकिलीणबाई म्हटले म्हणजे वकीलसाहेबांची बायको असे समजत. मामलेदारीणबाई म्हणजे मामलेदारांची बायको, डॉक्टरीणबाई म्हणजे डॉक्टरांची. मान नवऱ्याच्या हुद्द्याचा, बाईंकडे तो चालत येई. आज ज्या बाईंची हकीगत मी सांगणार आहे त्यांना असा आयता मान कोणी दिला नाही. त्या स्वतःच वकील झाल्या, आणि वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारच्या फार मोठ्या वकील झाल्या. त्यांचे नाव मेबल वॉकर विलेब्रांट. आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या कर्तबगार स्त्रीचे चरित्र यावे असा प्रघात आहे. यंदा दूरदेशीच्या या बाईंची ओळख भगिनींना करून द्यावी असे मनात आले.

मेबलचा जन्म २३ मे १८८९ रोजी अमेरिकेतील कॅन्सस संस्थानात वुड्सडेल नावाच्या लहानशा गावी झाला. त्या भागात दूरवर नुसती गवताळ माळराने. लाकूड दुर्मिळ, म्हणून नवे आलेले लोक जमिनीतील मातीची ढेकळे कापून त्यांचीच घरे करीत. अशाच एका घरात ही मुलगी जन्मली. आईवडील दोघेही शिकलेले, पण लक्ष्मी घरात फारशी टिकली नाही. वडील गावोगाव लहान लहान वर्तमानपत्रे चालवीत. एका गावात जमेना म्हणून दुसऱ्या गावी, असे कुटुंबाचे बिऱ्हाड सतत पाठीवर. काही दिवस तर तंबूत राहून काढावे लागले. तेरा वर्षांची होईपर्यंत मुलीला शाळा अशी ठाऊकच नव्हती. आईवडिलांनी घरीच जे शिकविले तेवढेच.

लहानपणची एक गोष्ट त्यांच्याविषयी नेहमी सांगतात. मेबलने एकदा रागाच्या भरात घरच्या मांजराचा कान चावला. वडिलांनी तिला मारले नाही की रागावले नाहीत. त्यांनी तिचाच कान धरून चावला. जे आपण दुसऱ्याला करतो ते आपल्याला केले तर कसे लागते, हे मुलीला कळावे म्हणून. आपण कोणी असे करणार नाही, आणि करूही नये असे मला वाटते. पण पोरीच्या मनावर ते कायमचे कोरले गेले. मांजराला एक न्याय आणि माणसाला दुसरा असे नाही. पुढे त्या जी वकिली करीत आल्या तिचे बी इथेच पडले असावे.

तेराव्या वर्षानंतर मेबल शाळेत गेली आणि भराभर वर चढली. पार्क कॉलेजात गेली, तिथे धर्मशास्त्रातील एका मतावरून कॉलेजच्या प्रमुखांशी वाद घातला आणि कॉलेज सोडावे लागले. मग मास्तरीण झाली. मिशिगनमधील बकली या गावी शिकवीत असताना तेथील मुख्याध्यापक आर्थर विलेब्रांट यांच्याशी तिचा १९१० साली विवाह झाला. यजमानांना क्षयाची बाधा झाली. त्या काळी क्षयावर औषध नव्हते, कोरडी हवा हाच उपाय. म्हणून नवरा-बायको ॲरिझोनाच्या कोरड्या मुलखात गेली. तिथे यजमानांची शुश्रूषा करीत मेबलबाईंनी शिक्षिकेची परीक्षा १९११ साली पुरी केली. पुढच्या वर्षी दोघे कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिस शहरी आली.

इथे त्यांचा दिवस कसा जाई पाहा. दिवसा शाळा, संध्याकाळनंतर कायद्याचा वर्ग. दक्षिण पासाडेना गावच्या शाळेत त्या शिकवीत, पुढे मुख्याध्यापिकाही झाल्या. यजमानही कायदाच शिकत होते, आणि दोघांच्या शिक्षणाचा खर्च बाईंच्या पगारातून होत असे. घर सांभाळून शिकणे म्हणजे काय ते आपल्यापैकी ज्यांनी केले आहे त्यांना सांगायला नको. १९१६ साली त्यांना कायद्याची पदवी मिळाली, १९१७ साली त्यापुढची. पण त्याच सुमारास नवरा-बायकोचे पटेनासे होऊन दोघे वेगळी झाली. रीतसर घटस्फोट १९२४ साली झाला. नवऱ्याचे आडनाव मात्र बाईंनी अखेरपर्यंत लावले, आणि ते गाजले ते त्यांच्यामुळेच.

वकिलीची सुरुवात मोठ्या पक्षकारांपासून झाली नाही. लॉस एंजेलिसच्या पोलीस कोर्टात ज्या गरीब बायकांवर खटले होत, ज्यांना वकील देण्याची ऐपत नसे, त्यांच्या बाजूने उभे राहण्याचे काम मेबलबाईंनी आरंभी पैसे न घेता पत्करले. पुढे त्या अशा आरोपींसाठी नेमलेल्या त्या शहराच्या पहिल्या स्त्री वकील झाल्या. सुमारे दोन हजार बायकांचे खटले त्यांनी चालविले. यातल्या बहुतेक वाममार्गाला लागलेल्या, पोटासाठी अब्रू विकण्याची पाळी आलेल्या. सभ्य बायका त्या वाटेने जातसुद्धा नव्हत्या. मेबलबाई रोज जात.

तिथे त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. पोलिसांची धाड पडे तेव्हा खोलीत बाई असे आणि पुरुषही असे. धरून आणीत ती बाई. दंड तिला, कैद तिला, वर्तमानपत्रात नाव तिचे. पुरुष टोपी घालून मागच्या दाराने आपल्या घरी जाई, बायकोमुलांत बसून जेवे, आणि त्याला साक्षीलासुद्धा कोणी बोलावीत नसे. मेबलबाईंनी कोर्टापुढे मागणी लावून धरली की गुन्हा दोघांचा असेल तर दोघांनीही कोर्टात यावे. कोर्टाला ते मान्य करावे लागले. अनेक वर्षांची वहिवाट एका बाईच्या चिकाटीने मोडली. त्याच दिवसांत विवाहित स्त्रियांना मालमत्तेत हक्क मिळावा यासाठी कायदा व्हावा म्हणूनही त्यांनी खटपट केली.

आता पुढची हकीगत कळण्यासाठी अमेरिकेची राज्यव्यवस्था थोडी सांगितली पाहिजे. तिथे प्रत्येक संस्थानाचे कायदे वेगळे, कोर्टे वेगळी, वकीलही वेगळे. त्या सर्वांवर वॉशिंग्टनचे मध्यवर्ती सरकार. त्याचेही स्वतःचे कायदे आणि स्वतःची कोर्टे. मध्यवर्ती सरकारच्या वतीने खटले चालविण्यासाठी देशभर प्रत्येक विभागाला एक सरकारी वकील नेमलेला असतो, आणि या सगळ्यांचा कारभार वॉशिंग्टनच्या न्यायखात्यातून चालतो. खात्याचा प्रमुख म्हणजे ॲटर्नी जनरल. त्याच्या हाताखाली काही असिस्टंट ॲटर्नी जनरल. अमेरिकन स्त्रियांना साऱ्या देशात मताचा हक्क मिळाला १९२० साली. त्यामुळे सरकारात एखादी बाई असावी असे पुढाऱ्यांना वाटू लागले होते. कॅलिफोर्नियाचे सिनेटर हायरम जॉन्सन आणि दक्षिण कॅलिफोर्नियातील न्यायाधीश यांनी मेबलबाईंचे नाव सुचविले. राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांना त्यांचे वय फारच कमी वाटले. बाईंनी हसत सांगितले की हा दोष दिवसेंदिवस आपोआप कमी होईल. सप्टेंबर १९२१ मध्ये त्या असिस्टंट ॲटर्नी जनरल झाल्या. त्यांच्या आधी ॲनेट ॲडम्स नावाच्या बाई थोडा काळ त्या जागेवर होत्या. मेबलबाई दुसऱ्या, पण पूर्ण आठ वर्षे काम केले ते यांनीच. त्या वेळी अमेरिकन सरकारात त्यांच्याइतक्या मोठ्या जागेवर दुसरी स्त्री नव्हती.

त्यांच्याकडे तीन कामे दिली. मध्यवर्ती सरकारच्या करांचे खटले, सरकारी तुरुंग, आणि दारूबंदीचे खटले. शेवटचे काम कोणालाच नको होते, म्हणून ते बाईंच्या पदरात पडले असे म्हणायला हरकत नाही. घरात नको असलेले काम नव्या सुनेकडे येते, तसेच हे.

दारूबंदी हा शब्द आपणां बायकांना नवा नाही. अमेरिकेतही दारूने संसार उद्ध्वस्त झालेल्या बायकांनी अनेक वर्षे चळवळ केली, तेव्हा कुठे राज्यघटनेत दुरुस्ती होऊन जानेवारी १९२० पासून देशभर दारू करणे, विकणे आणि वाहून नेणे बंद झाले. मात्र पिणे हा गुन्हा ठरविला नव्हता. त्यामुळे मागणी तशीच राहिली आणि चोरटा व्यापार सोन्यासारखा चालू लागला. समुद्रातून जहाजे येत, कॅनडाच्या हद्दीवरून मोटारी येत, औषधाच्या नावाने व्हिस्कीचे परवाने निघत. आणि पिणाऱ्यांत कोण? शहराचे मेयर, पोलीस, सिनेटर, मोठमोठे अधिकारी. कायदा करणारेच संध्याकाळी पेला हातात धरीत.

मेबलबाईंविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. त्या स्वतः दारूबंदीच्या बाजूच्या नव्हत्या. ही जागा मिळण्यापूर्वी त्या प्रसंगाने थोडी घेतही असत. कायदा करून माणसाचे व्यसन सुटेल असा त्यांचा विश्वास नव्हता. पण जागेची शपथ घेतली त्या दिवसापासून त्यांनी दारू वर्ज्य केली, आणि कायदा जसा होता तसा अमलात आणण्याचा निश्चय केला. दुसऱ्याला ज्यासाठी तुरुंगात पाठवायचे ते आपण घरी करायचे नाही, एवढा त्यांचा साधा हिशेब होता. वॉशिंग्टनमध्ये त्या वेळी असा हिशेब ठेवणारे थोडेच होते.

अडचणी मात्र डोंगराएवढ्या. चोरटी दारू पकडणारे शिपाई त्यांच्या खात्यात नव्हतेच, ते खजिन्याच्या खात्याखाली. म्हणजे पकडणार एक आणि खटला चालविणार दुसरा. शिपायांना पगार तुटपुंजा, त्यामुळे लाच घेणारे पुष्कळ. विभागांतले सरकारी वकील पुढाऱ्यांच्या वशिल्याने नेमलेले. काही आळशी, काही भित्रे, काही स्वतःच पिणारे. मेबलबाईंनी त्यांच्या मागे तगादा लावला, नालायक ठरलेल्या काहींना काढून टाकावे म्हणून भांडल्या. आणि सर्वांत वाईट म्हणजे त्यांच्याच खात्याचे प्रमुख डॉहर्टी यांच्या भोवतालची माणसे पैसे खात होती. डॉहर्टींचा जवळचा मित्र जेस स्मिथ याला दारूवाल्याकडून पैसे पोचत होते, हे पुढे उघडकीस आले. १९२३ साली स्मिथने आत्महत्या केली आणि १९२४ साली डॉहर्टींना जागा सोडावी लागली. ज्या घरात राहायचे त्याच घराच्या तुळईला वाळवी, असा तो प्रकार. मेबलबाईंवर मात्र कोणाला बोट दाखविता आले नाही.

काम करण्याची त्यांची पद्धत कशी होती तेही पाहू. एखादा गरीब माणूस खिशात बाटली घेऊन चालला की त्याला धरायचे, हे सोपे होते आणि तेच चालू होते. बाईंचे म्हणणे असे की हे म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसत बसण्यासारखे आहे. नळ बंद केला पाहिजे. मोठे व्यापारी पकडा, त्यांना पाठीशी घालणारे अधिकारी पकडा. १९२३ साली जॉर्जियातील सव्हाना बंदरातली बडे चार म्हणून गाजलेली टोळी त्यांनी उखडून काढली. सिनसिनाटी शहरातील जॉर्ज रीमस हा मूळचा वकील. त्याने दारूचे कारखाने आणि औषधांची दुकाने विकत घेतली, औषधी परवान्यावर व्हिस्की बाहेर काढायची आणि आपल्याच मोटारी आपल्याच माणसांकरवी वाटेत लुटवायच्या, अशी युक्ती केली. पैसे पेरल्यावर आपल्याला कोणी हात लावणार नाही अशी त्याची खात्री होती. १९२४ साली तो अटलांटाच्या तुरुंगात गेला. मग त्या तुरुंगातच पैसेवाल्या कैद्यांचे चोचले पुरविले जातात असे कळले. बाईंनी त्याचीही चौकशी लावली आणि तुरुंगाच्या अधिकाऱ्यालाच लाचेच्या आरोपावरून शिक्षा झाली.

जून १९२४ ते जून १९२५ या एका वर्षात त्यांच्या देखरेखीखाली दारूबंदीचे ४८,७३४ खटले झाले आणि त्यांपैकी ३९,०७२ खटल्यांत शिक्षा झाली. म्हणजे पाचांत चार. सर्वोच्च न्यायालयापुढे तर त्या स्वतः उभ्या राहून चाळीसच्या आसपास खटल्यांत बोलल्या. त्या काळी त्या न्यायालयात बाईचा आवाज ऐकू येणे हीच नवलाई होती.

त्यांची सर्वांत मोठी कामगिरी माझ्या मते १९२७ सालची. दारूच्या मोठ्या व्यापाऱ्यांना दारूच्या गुन्ह्यात पकडणे कठीण, कारण ते बाटलीला स्वतः हात लावीत नसत. बाईंनी दुसरी वाट शोधली. हे लोक लाखांनी कमावतात, मग त्यावर प्राप्तिकर का भरीत नाहीत? दक्षिण कॅरोलिनातील सलिव्हन नावाच्या दारूविक्याचा खटला यावरून उभा राहिला. त्याच्या वकिलांचे म्हणणे असे की बेकायदा कमाईचा हिशेब सरकारला लिहून देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे, आणि तशी सक्ती राज्यघटनेने मना केली आहे. खालच्या वरिष्ठ न्यायालयाला हे पटले होते. मेबलबाईंनी सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडली. प्रामाणिकपणे दुकान चालविणारा, मास्तरकी करणारा कर भरतो. मग चोरी करून मिळविणाऱ्यालाच माफी का म्हणून? न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कमाई चोरीची असली तरी तिच्यावर कर आहेच, असे ठरले. याच निकालाच्या जोरावर पुढे १९३१ साली शिकागोच्या अल कपोन या कुप्रसिद्ध गुंडाला कर चुकविल्याबद्दल अकरा वर्षांची शिक्षा झाली. कितीतरी खून ज्याच्या नावावर बोलले जात पण एकही शाबीत होत नव्हता, तो शेवटी हिशेबाच्या वहीत सापडला. तेव्हा बाई त्या जागेवर नव्हत्या, पण सापळा त्यांनी लावलेला होता.

दुसरा एक खटला याच्या उलट. सिएटल शहरात रॉय ऑल्मस्टेड हा पूर्वीचा पोलीस अधिकारी दारूचा प्रचंड व्यापार करी. सरकारी माणसांनी त्याच्या टेलिफोनच्या तारेला तार जोडून महिनोन् महिने त्याचे बोलणे चोरून ऐकले आणि त्यावर त्याला दोषी ठरविले. १९२८ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हे योग्य ठरविले. सरकार जिंकले. पण मेबलबाईंना ही रीत मुळीच पसंत नव्हती, आणि तसे त्यांनी पुढे स्वतःच्या पुस्तकात स्पष्ट लिहिले. गुन्हेगार पकडण्यासाठी सरकारने दुसऱ्याच्या घरच्या गोष्टी चोरून ऐकाव्या हे त्यांना नीट वाटले नाही. स्वतःच्या पक्षाचा विजय होत असताना असे म्हणायला धैर्य लागते. पुढे १९६७ साली त्या न्यायालयानेच आपला तो जुना निर्णय सोडून दिला.

आता मंडळातील भगिनींना विशेष आवडेल अशी हकीगत. त्या काळी मध्यवर्ती सरकारच्या कायद्याखाली शिक्षा झालेल्या बायकांसाठी स्वतंत्र तुरुंगच नव्हता. त्यांना संस्थानांच्या तुरुंगांत, गावोगावच्या कोठड्यांत कुठेही जागा असेल तिथे ठेवीत. तिथे त्यांना काम नाही, शिकणे नाही, आणि त्यांच्या अब्रूची काळजी घेणारेही कोणी नाही. पोलीस कोर्टात दोन हजार बायका पाहिलेल्या मेबलबाईंना हे सहन झाले नाही. त्यांनी देशभरच्या स्त्रियांच्या मंडळांना हाक दिली. आपल्या मंडळासारखीच ती मंडळे, कोणी शिवणवर्ग चालविणारी, कोणी वाचनालय चालविणारी. त्यांनी आपापल्या प्रतिनिधींचा पिच्छा पुरविला. १९२४ साली कायदा मंजूर झाला आणि १९२७ साली वेस्ट व्हर्जिनियातील डोंगराळ भागात आल्डरसन येथे बायकांचा पहिला सरकारी तुरुंग सुरू झाला. तुरुंग कसला, लहानशा गावासारखा. भोवती उंच भिंत नाही, बंदुकवाला पहारा नाही. लहान लहान घरे, प्रत्येक घराला स्वयंपाकघर. मेरी हॅरिस नावाच्या विदुषी तिथल्या पहिल्या प्रमुख. बायकांना शेती, शिवण, स्वयंपाक, लिहिणे-वाचणे शिकवीत, म्हणजे सुटल्यावर पुन्हा त्याच वाटेला जावे लागू नये. पहिल्यांदाच गुन्हा केलेल्या तरुण मुलांनी मुरलेल्या गुन्हेगारांत राहून बिघडू नये म्हणून त्यांच्यासाठीही ओहायोतील चिलीकोथी येथे निराळी संस्था निघाली. तिच्यामागेही बाईंचीच खटपट होती. जी वकील माणसाला तुरुंगात पाठविते, तिने आत गेल्यावर त्याचे काय होते हेही पाहावे, असे त्यांनी आपल्या वागण्याने दाखविले.

हे सारे करणाऱ्या बाईंना नीट ऐकू येत नसे हे किती जणींना खरे वाटेल? त्यांना कानांना यंत्र लावावे लागे. ती यंत्रे जड आणि दिसायला वाईट. कोणी कमीपणा धरू नये म्हणून त्या रोज सकाळी बराच वेळ केस विंचरून यंत्र झाकले जाईल असे बसवीत. पहाटे उठून थंडगार पाण्याने स्नान करीत. वर्तमानपत्रवाल्यांना मात्र त्यांच्या खटल्यांपेक्षा त्यांचे कपडे, केस आणि थंड पाण्याचे स्नान यांतच गोडी. याचा बाईंना फार राग येई. पुरुष वकिलाच्या केसांविषयी कोणी लिहीत नाही, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. १९२५ साली त्यांनी दोन वर्षांची एक मुलगी दत्तक घेतली. एकट्या बाईने मूल दत्तक घ्यायचे आणि सरकारचे एवढे काम करायचे, हे त्या काळी तिकडेही नवलाचे होते.

एवढे सांगितल्यावर त्यांच्या आयुष्यातील डागही सांगितला पाहिजे, नाहीतर ते चरित्र न होता आरती होईल. १९२८ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक झाली. एका बाजूला हूव्हर, दारूबंदीचे समर्थक. दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्कचे अल स्मिथ, दारूबंदीचे विरोधक आणि धर्माने कॅथलिक. त्या देशात तोवर कॅथलिक माणूस राष्ट्राध्यक्ष झालेला नव्हता, आणि पुष्कळांच्या मनात त्याविषयी अढी होती. सप्टेंबरमध्ये ओहायोतील स्प्रिंगफील्ड गावी मेथॉडिस्ट पंथाच्या धर्मोपदेशकांपुढे मेबलबाईंनी भाषण केले आणि आपापल्या अनुयायांना स्मिथविरुद्ध मत द्यायला लावा असे आवाहन केले. त्या बोलल्या दारूबंदीवर, पण देवळातून मते मागणे म्हणजे धर्माधर्मांत भांडण लावणे, अशी देशभर ओरड झाली. भाषण आधी पक्षाच्या माणसांनी पाहिलेले होते, पण ओरड झाल्यावर बाईंच्या पाठीशी कोणी ठामपणे उभे राहिले नाही. तरी दोष बाईंचाही होताच असे मला वाटते. सरकारच्या वकिलाने सर्व धर्मांच्या माणसांना सारखे वाटले पाहिजे. जन्मभर सर्वांना एक माप लावणाऱ्या बाईंच्या हातून त्या दिवशी माप सुटले. नवल असे की पुढे उतारवयात त्यांनी स्वतःच कॅथलिक धर्म स्वीकारला.

हूव्हर मोठ्या मतांनी निवडून आले. आता आपण ॲटर्नी जनरल होऊ अशी मेबलबाईंना आशा होती, आणि आठ वर्षांच्या कामाने तो हक्क त्यांना मिळालाही होता. पण जागा विल्यम मिचेल यांना गेली. न्यायाधीशाची जागा मिळावी ही इच्छाही अपुरीच राहिली. निवडणुकीत उपयोग करून घेतला आणि पानावर बसायची वेळ आली तेव्हा पाट दुसऱ्याला मांडला. १९२९ साली बाईंनी राजीनामा दिला. त्याच वर्षी दारूबंदीच्या आतल्या गोष्टी सांगणारे त्यांचे पुस्तक निघाले. कायदा का फसतो आहे, पुढारी आणि अधिकारी कसे तोंडाने एक बोलतात आणि हाताने दुसरे करतात, हे त्यांनी त्यात न भिता लिहिले.

त्यानंतर त्यांनी खाजगी वकिली सुरू केली, आणि त्यांच्या पक्षकारांत कॅलिफोर्नियाच्या द्राक्ष बागाईतदारांची संस्था होती. ही संस्था द्राक्षांचा घट्ट रस विकी, जो घरी ठेवला की काही दिवसांनी त्याची आपोआप दारू होई. लोकांनी बाईंची यथेच्छ टवाळी केली. बाईंच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की त्या कायद्याच्या चौकटीत काम करीत होत्या, आणि दारूबंदीवर त्यांचा मनापासून विश्वास कधीच नव्हता. तरीही ऐकणाऱ्याला ते खटकते. १९३१ साली कोर्टाचा निकाल विरुद्ध गेल्यावर हा व्यापार थांबला. डिसेंबर १९३३ मध्ये तर अमेरिकेतील दारूबंदीच उठली.

बाईंची वकिली मात्र त्यानंतर तीस वर्षे चालू राहिली. विमाने नवी होती, त्यांचे कायदे नवे होते. त्या विषयात त्या जाणकार झाल्या, आणि अमेरिकन वकिलांच्या सर्वांत मोठ्या संघटनेत एका समितीच्या अध्यक्ष होणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. हॉलिवूडच्या चित्रपट कंपन्यांची आणि दिग्दर्शकांच्या संघाची कामेही त्यांनी पाहिली. ६ एप्रिल १९६३ रोजी कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्या त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या.

मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. कायद्याची कलमे मला कळत नाहीत. पण मेबलबाईंच्या साऱ्या कामांत एकच धागा आहे तो मला कळला. बाईला शिक्षा तर पुरुषालाही. मास्तराला कर तर दारूवाल्यालाही. खिशात बाटली असणाऱ्याला कायदा, तर बाटल्यांनी जहाज भरणाऱ्यालाही. आणि सर्वांत आधी स्वतःला. ज्या कायद्यावर आपला विश्वास नाही तोही हाती आल्यावर पहिल्यांदा आपल्या घरात पाळायचा. हे त्यांना शेवटपर्यंत सर्व वेळी साधले नाही हे आपण पाहिले, पण आठ वर्षे एवढ्या मोहाच्या जागेत साधले हे लहान नाही.

आपल्यापैकी कोणी कोर्टात उभी राहणार नाही कदाचित. पण घरोघर न्यायनिवाडा आपल्यालाच करावा लागतो. मुलगा उशिरा आला तर एक बोलणे आणि मुलगी उशिरा आली तर दुसरे. लेकीच्या हातून दुधाचे पातेले उतू गेले तर एक आणि सुनेच्या हातून गेले तर दुसरे. तिथे एकच माप धरायला शिकलो तरी पुष्कळ झाले. ते माप हाती धरणे सर्वोच्च न्यायालयात उभे राहण्याइतकेच कठीण आहे, हे प्रत्येक सासूला आणि प्रत्येक आईला ठाऊक आहे. मंडळाला वर्धापनदिनाच्या शुभेच्छा देऊन मी येथेच थांबते.